चौथा हात मारू नका, आधी प्रायमर लावा

भाऊ, गडद निळ्या भिंतीवर फिकट पिवळ्याचे तीन हात मारूनही निळं डोकावतं म्हणता, तर चौथा मारू नका. पिवळ्याची झाकण्याची ताकदच कमी. आर्वीजवळ आमच्या माजघराला जुना हिरवा ऑइल पेंट होता. चकाकी जाईपर्यंत घासला, पुसला, पांढऱ्या प्रायमरचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचे, दोन हात दिले. मग बदामी रंग दोनच हातांत बसला. ऑइल पेंट न घासता रंगवला तर पापुद्रे निघतात. मात्र २०१७ आधीच्या ऑइल पेंटमध्ये विषारी शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावूनच घासा, लेकरांना दूर ठेवा. अन् मे महिन्यात भर दुपारी ब्रश धरू नका. तापलेल्या भिंतीवर रंग लगेच वाळतो, पट्टे उमटतात. सकाळीच उरका.