प्रमोटर गळका नाही, जीएफपी टिकाऊ आहे

एका प्रयोगाबद्दल असं म्हटलं गेलंय की ई. कोलाय जिवाणूंमधून अ‍ॅरॅबिनोज (प्रमोटर चालू करणारी साखर) धुऊन काढल्यावरही जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची चमक दोन तास टिकते, म्हणजे प्रमोटर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा) गळका आहे, बंद असतानाही थोडा चालू राहतो. हा निष्कर्ष घाईचा वाटतो. साधं जीएफपी ई. कोलायमध्ये जवळजवळ मोडतच नाही. पेशी विभागतात तसं फक्त वाटलं जातं. तीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या कल्चरमध्ये (द्रवात वाढवलेल्या पेशींमध्ये) दर पेशीमागची चमक तीस मिनिटांनी निम्मी होते, आणि पेशींची वाढ थांबली की तिथेच अडकते.

यावर एलव्हीए शेपटी (अमिनो आम्लांचा छोटा तुकडा) लावलेलं जीएफपी वापरतात. पेशीतले प्रोटीएझ (प्रथिनं तोडणारी विकरं) ते मोडतात, अर्धायुष्य सुमारे ४० मिनिटांवर येतं. पण कमजोर प्रमोटर असेल तर सिग्नल पार्श्वभूमीत बुडतो, म्हणून आधी हिशेब बदलून बघा. नुसतं जीएफपी भागिले ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशी किती याचं माप) नको. दर दहा मिनिटांनी वाचन घ्या, लागोपाठच्या दोन वाचनांतली चमकेची वाढ काढा आणि तिला ओडीने भागा. प्रमोटर खरंच बंद असेल तर हा आकडा शून्याकडे येतो, एकूण चमक कितीही असो. त्याआधी प्रमोटर नसलेल्या त्याच प्लास्मिडचं (जीएफपीचं जनुक वाहणाऱ्या डीएनए-वर्तुळाचं) वाचन वजा करायलाच हवं. आणि पेशी वाढवायला एलबी हे माध्यम नको, एम९ घ्या. एलबी स्वतःच हिरवट चमकतं.