व्हॅलेंटाइनचे बदाम (हार्ट) आणि चॉकलेटं: लहान मुलांना घेऊन करावीत का?

कोलशेतची ऊर्मी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जुंपली आहे. चौदा फेब्रुवारीच्या आधीच्या शनिवारी क्लबहाउसमध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांकडून कार्डं आणि चॉकलेटं करून घ्यायची, असं दोघी-तिघींनी सुचवलं. एका काकांनी ‘ही कसली थेरं’ असं लिहिलं, त्याखाली अंगठे आणि रागीट चेहरे सारख्याच जोरात पडले, आणि अ‍ॅडमिनने ग्रुपला कुलूप लावलं. म्हणून इथे विचारते.

माझं मत: करावं, फक्त ते खरोखर मुलांनी करावं. घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये जानेवारी संपता संपता लाल फुगे लटकायला लागतात. मूल ते बघतं, विचारतं, हट्ट करतं. दिवस पाळायचा की नाही हे आपल्या हातात फारसं उरलेलं नाही. टेडी विकत आणायचा की आजोबांसाठी काहीतरी स्वतः करायचं, एवढंच आपण ठरवू शकतो.

त्यात अवघड काही नाही. पोस्टर कलरमध्ये अंगठा बुडवायचा, एक ठसा डावीकडे तिरका, दुसरा उजवीकडे तिरका, खालची टोकं एकमेकांवर. बदाम तयार. तीन वर्षांच्या मुलालाही जमतं, कात्री लागत नाही. मोठ्या मुलांना कार्डशीट दुमडून घडीच्या बाजूला अर्धा बदाम काढून द्यायचा. कापून उलगडलं की अख्खा बदाम निघतो. कुणी घडीऐवजी उघडी बाजू कापतं आणि दोन अर्धुकं हातात येतात. ती का आली हे मूल स्वतः शोधतं, तेवढ्यासाठी तरी हा उद्योग करावा.

चॉकलेटला कंपाउंडचा स्लॅब बरा. त्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं, म्हणून टेंपरिंगची, म्हणजे ठरावीक तापमानाला गरम-थंड करण्याची, भानगड नाही आणि ठाण्यातल्या फेब्रुवारीच्या दुपारी ते लगेच पाघळत नाही. वितळवायचं मोठ्यांनी. पाण्याचा थेंब जरी आत गेला तरी त्याचा रवाळ गोळा होतो, तेव्हा ओले हात लांब. साच्यात ओतणं, साचा ओट्यावर आपटून बुडबुडे काढणं आणि वर रंगीत बडीशेप भुरभुरणं मुलांकडे.

विरोध असेल तर कारणासकट लिहा. ‘आपली संस्कृती’ एवढं लिहून पळू नका.

नौपाड्याची आजी

कारणासकट लिहिते. संक्रांत होऊन महिना नाही झाला. तुमच्यापैकी किती जणींनी बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने पोरांना शेजारी बसवून केले? मुकुट, बासरी, बाजूबंद, सगळं राम मारुती रोडवरून तयार येतं. पुठ्ठ्यावर हलवा चिकटवणं, दोऱ्यात ओवणं हे हातकाम नाही का? आमच्याकडे हलवाही घरी व्हायचा. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस किंवा तीळ, वरून चमचा चमचा पाक आणि बोटं सतत फिरती. थंडी असली की काटा छान फुटतो. दिवस दिवस चालायचं ते. आता त्याला कुणाला वेळ नाही, पण बदामाचे सिलिकॉनचे साचे मागवायला आहे. माझं दुखणं तेवढंच आहे. प्रेमाबिमाला माझा आक्षेप नाही, तुझे आजोबाही मला गजरा आणायचे.

कोलशेतची ऊर्मी

आजी, गजऱ्याचा मुद्दा माझ्या बाजूने धरते! पण हलव्याच्या परातीजवळ चार वर्षांच्या मुलाला कोण बसू देईल? तो बघत बसणार आणि हात लावला की ओरडा खाणार. शिवाय हल्ली बोरन्हाणात तरी काय ओततो आपण? बोरं, उसाचे करवे, चुरमुरे नावाला, बाकी गोळ्या आणि चॉकलेटंच. सोवळं नेमकं चौदा तारखेलाच का आठवतं?

ऐरोलीकर

१४ फेब्रुवारी २०१९. पुलवामा. ४० जवान गेले. त्या दिवशी लाल बदाम कापायचे?

निमकी

@ऐरोलीकर, ज्याच्या मुलीचा वाढदिवस चौदाला असतो त्याने केक कापू नये का? शहिदांची आठवण ठेवायला कुणी अडवलेलं नाही. बाकी चालू द्या.

खारघरचा बापूस

संस्कृती राहू दे बाजूला, मी हिशेब विचारतो. ‘मुलांनी करावं’ हे वाचायला गोड आहे. कार्डशीट मापात कापून ठेवणार आई. स्लॅब वितळवणार आई. टाइल्सच्या सांध्यात गेलेला लाल रंग जुन्या टूथब्रशने काढणार आई. मुलाचा उत्साह बहुतेक वेळा पहिल्या कार्डापर्यंत टिकतो, मग ते सायकल घेऊन खाली. उरलेली कार्डं ओट्याशी उभं राहून कोण पुरी करतं?

त्यात शाळा. मुलीच्या शाळेतून रात्री मेसेज येतो: उद्या लाल कपडे आणि घरी केलेलं हार्ट. सकाळी गेटवर जी हार्टं दिसतात ती बघून ती पाच वर्षांच्या मुलांनी केली आहेत यावर शाळेचा वॉचमनही विश्वास ठेवणार नाही. कडेला लेस, मधे मोती, आणि मुलाला विचारलं तर ‘मम्माने केलं’. फोटो लागतात म्हणून हे सगळं चाललंय. आईला आणखी एक गृहपाठ, दुसरं काय. म्हणून माझा विरोध. दुकानातून दहा रुपयांचं चॉकलेट आणा, आजोबांना द्या, सगळे मिळून खाडीवर फ्लेमिंगो बघून या.

एडिसनची मावशी

मूळची ठाण्याची, सध्या न्यू जर्सीत, म्हणून चार ओळी. माझ्या मुलाच्या शाळेत त्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकासाठी कार्ड आणायचं असा नियम आहे. नावांची यादी घरी येते. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, हा प्रकारच नाही, त्यामुळे कुणी रडत घरी येत नाही. तुमच्या क्लबहाउसमध्ये निदान एवढं तरी उचला. खाऊ मात्र वर्गात चालत नाही, कुणाला दाण्याची अ‍ॅलर्जी, कुणाला दुधाची. आणि बापूसरावांचं खरं आहे, इथेही पुष्कळ आया दुकानातलं तयार पाकीटच आणतात.

सीवूड्सचा दातवाला

लहान मुलांचे दात बघणं हा माझा धंदाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असली तर आणखी बरं. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला अंदाजे १३०० कॅलरी लागतात असं धरा. त्याचे ५ टक्के म्हणजे जेमतेम १६ ग्रॅम साखर. कंपाउंडमध्ये निम्म्याच्या आसपास साखरच असते. दहा ग्रॅमचे तीन बदाम खाल्ले की कोटा संपला, आणि सकाळचं दूध-बिस्किट अजून मोजलेलंच नाही.

तरी चॉकलेटला माझा कडवा विरोध नाही, ते तोंडात विरघळून जातं. घरी कँडी करायला निघालेल्यांना मात्र आहे. कडक गोळीचा पाक १५० अंशांच्या आसपास न्यावा लागतो. तो उकळत्या पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. तो प्रकार मुलं झोपल्यावर करा, किंवा करूच नका. चार वर्षांखालच्यांना गोल कडक गोळी आणि अख्खा शेंगदाणा देऊ नका, घशात अडकतात.

रंगाचंही सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने गुलाबी ‘म्हातारीचे केस’ बंद केले, कारण त्यात ऱ्होडामाइन-बी सापडलं. तो कापडाचा रंग आहे. गुलाबी हवंच असेल तर नारळाच्या वडीत बीटाचा रस घाला. फार वेळ आटवला की रंग विटतो, म्हणून शेवटी घाला.

तलावपाळी कट्टा

कुणी जांभळी नाक्याला सामान आणायला जाणार असेल तर: थर्मोकोलची सजावट आणि लॉलीपॉपच्या प्लॅस्टिक काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. कागदी काड्या मिळतात, त्या घ्या. आणि चमकी आणू नका, होळीपर्यंत उशांवर सापडत राहते.

नौपाड्याची आजी

दातवाल्या डॉक्टरांची नारळाची वडी मला पटली. पण नारळाची वडी बदामाच्या आकाराची केली म्हणून ती व्हॅलेंटाइनची होत नाही, ती नारळाचीच राहते, हे लिहून ठेवा.

कोलशेतची ऊर्मी

लिहिलं. आता आमच्यापुरतं ठरवते: चॉकलेट माणशी दोन, पाक नाही, कार्ड प्रत्येक मुलाचं एकच आणि ते घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी. नमुन्याचं कार्ड समोर ठेवायचं नाही, नाहीतर आया तेच गिरवायला लावतात. फोटो काढायचे तर हातांचे काढा, कार्डांचे नकोत. बापूस, तुमचं म्हणणं मला पटतं, पण म्हणून मुलांचं रद्द का करायचं? बाबांना बोलवा.

खारघरचा बापूस

बोलवा की. पण बोलावणं पाठवताना चॉकलेटचा फोटो टाकू नका. ‘दुपारी एक ते दोन, फरशी पुसणे आणि भांडी’ एवढंच लिहा आणि किती बाबा येतात ते इथे कळवा. तोवर माझं मत विरोधातच धरा.