मदत हवी आहे: २१ दिवसांची लेक दूध पिता पिता झोपते, आणि आजीला मध चाटवायचाय

लेक ३६ आठवड्यांनी जन्मली, वजन २ किलो १५०. चौथ्या दिवशी २ किलो १० झालं; सुरुवातीला थोडं उतरतंच, असं डॉक्टर म्हणाले. चौदाव्या दिवशी २ किलो १४०. आज आशाताईंच्या काट्यावर २ किलो २४०. आठवड्यात जेमतेम शंभर ग्रॅम! दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढायला हवं ना? शू सात-आठ वेळा होते, एवढाच दिलासा.

अंगावर घेतलं की पाच मिनिटांत डोळे मिटते. रात्री दोनला, चारला मी रडतच पाजते. डॉक्टरांनी छातीशी उघडं धरायला, म्हणजे कांगारूसारखं, दिवसाला निदान आठ तास सांगितलंय. माझे कसेबसे तीन होतात. नवरा पुण्याला, शनिवार-रविवारीच येतो.

मी माहेरी आहे, वाईजवळ. आजीने सहा लेकरं वाढवली. तिला सहाणेवर वेखंड-मायफळ उगाळून, मधात कालवून चाटवायचंय. "तुझ्या आईलाही दिलं होतं, काय झालं तिला?" म्हणते. मी नको म्हटलं तेव्हा काही बोलली नाही, सहाण धुऊन फडताळात ठेवून दिली. ते बघून मलाच भरून आलं. तिला न दुखवता कसं सांगू? आणि पोरीला जागं कसं ठेवू?

प्रतिसाद १
माझा मुलगा १ किलो ९०० चा होता. लंगोट बदला, दुपटं सोडा, तळपाय चोळा. चोखणं मंदावलं की स्तन हलकेच दाबा, धार आली की ती परत गिळू लागते. एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या, शेवटचं दूध जास्त साईचं असतं. त्यानंतरही झोपली तर दूध काढून वाटी-चमच्याने पाजा; किती, ते डॉक्टरांना विचारा. हे वजन त्यांना उद्याच दाखवा, पुढच्या भेटीची वाट बघू नका. उठवूनही उठली नाही, ओढणं कमी झालं किंवा हातपाय गार पडले तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

मधाबद्दल तुम्ही ठाम राहा. त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. तुमच्या आईला काही झालं नाही हे आजींचं खरंच आहे, पण एखाद्या बाळाला होतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

आणि कांगारू आईनेच करावं असं नाही. घरातलं कुणीही निरोगी माणूस करू शकतं. आजींना विचारून बघा ना?

धागाकर्ती
डॉक्टरांकडे जाऊन आले. दर दोन तासांनी पाजायचं, वरून काढलेलं दूध चमच्याने. आजीला खोकला-ताप काही नाही म्हटल्यावर ते तिच्यासाठीही हो म्हणाले.

आजी नऊवारी नेसते, चोळी पुढून गाठीची, त्यामुळे फार सोपं गेलं. टोपडं-लंगोटावर पोरीला छातीशी ठेवलं, वरून पदर आणि शाल. दीड तास हलली नाही. मी तेवढा वेळ झोपले. उठले तर म्हणते, "हिचा श्वास माझ्या गळ्याला लागतोय गं."

आता एकच विचारायचंय. आजी पाठीला लोड लावून बसते, पण तासाभराने कंबर धरते. कुणाच्या घरी वयस्कर माणसाने कांगारू केलं असेल तर नेमकं कसं बसवलं होतं, सांगाल का?