प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल लाइन घरी बदलणे

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची १९८४ सालची पद्मिनी आहे. पंपाजवळच्या रबरी नळीला बारीक भेगा पडल्या असून गाडी उभी राहिली की पेट्रोलचा वास येतो. सर्व नळ्या घरीच बदलता येतील का?

उत्तर १: बदलता येतील, परंतु तोपर्यंत गाडी सुरू करू नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने फुगते किंवा मऊ पडते, म्हणून नवी नळी घेताना तिच्यावर एसएई जे३०आर९ (SAE J30R9, इंधनाच्या नळीचे मानक) असा छाप आहे ना, हे स्वतः पाहावे. पाण्याची किंवा हवेची नळी, ती कितीही जाड दिसली तरी, येथे चालत नाही. क्लिप गुळगुळीत कडांच्या घ्याव्यात. खाचांची क्लिप जास्त आवळली की रबर कापते.

उत्तर २: गाडीखालची धातूची नळीही तपासा. ती गंजली असेल तर तांब्याची लावू नका, कारण सततच्या कंपनाने तांबे कडक होऊन तडकते. पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी टिकते.

उत्तर ३: काम इंजिन थंड असताना, उघड्यावर आणि बॅटरीची ऋण तार काढूनच करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात साचते, म्हणून सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी मुळीच घेऊ नका. पेट्रोल तोंडाने ओढू नका, हातपंप वापरा. शेवटी इंजिन चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर कोरडा कागद फिरवून पाहा.