जीएसटी कमी झाला म्हणतात, मग आमच्या गल्ल्यात कुठाय?

फरसाणवाला_भांडुप: आमचं छोटं दुकान आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीनवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, तेव्हापासून एका पार्टीचे लोक येऊन सांगतात आता तुमची चांदी, दुसरे येतात नि म्हणतात सरकार तुम्हाला लुटतंय. मी कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, उलाढालीवर १ टक्का भरतो, तो होता तेवढाच आहे. नक्की खरं काय?

लालबागकर: दोघंही अर्धंच सांगतात. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेताच येत नाही, त्यामुळे तुमच्या विक्रीत काही फरक नाही. फायदा खरेदीत. पुठ्ठ्याचे खोके १२ वरून ५ वर आलेत नि तुम्हाला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, मिळत नाही म्हणजे तेवढे थेट वाचले, अर्थात होलसेलवाल्याने भाव खरंच उतरवला असेल तर 😀 बाकी प्रोफेशन टॅक्स वर्षाला २,५००, आणि गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, तर २०१७ च्या कायद्यानंतर छोट्या दुकानाने नुसतं ऑनलाइन कळवायचं. ह्यात कोणी बुडत नाही.

परळची_ताई: दादा, फीचं सोडा, कागदांचं बोला. मी अकाउंट्सचं काम करते. रेग्युलरवाल्याची, म्हणजे कंपोझिशनमध्ये नसलेल्याची, विक्री शून्य असली तरी रिटर्न लेट झालं की दिवसाला २० रुपये, टॅक्स असेल तर ५०. मोठ्या कंपनीत ह्यासाठी माणसं बसवलेली असतात, इथे दुकानदार शटर ओढल्यावर बिलं शोधत बसतो आणि वर अकाउंटंटची फी वेगळी. ह्यावर सभेत बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

गिरगाव_चाळ: महापालिकेचं कोणी काढेना. २०२२ पासून ५०० फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ, छान झालं, पण १२० फुटांच्या गाळ्याला माफी नाही. कारण उघड आहे, मतं घरात असतात. २०२५ मध्ये कचऱ्यासाठी पण चार्ज आणत होते, बोंबाबोंब झाली म्हणून थांबवला.

लालबागकर: कचरा उचलायला पैसे लागतातच की हो! दुकानाचा कचरा घरापेक्षा जास्त असतो, थोडे घेतले तर माझी हरकत नाही.

गिरगाव_चाळ: घ्या ना, पण आधी फेरीची गाडी रोज येऊ दे.

फरसाणवाला_भांडुप: ताई, कंपोझिशनचं वर्षाचं रिटर्न ३० जूनपर्यंत ना?

परळची_ताई: हो, जीएसटीआर-४. पण तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या १८ तारखेच्या आत सीएमपी-०८, म्हणजे तिमाहीच्या टॅक्सचा फॉर्म, भरा, तिथेच लोक अडकतात, व्याज लागतं.