सिन्स की फॉर? इंग्रजीत कुठे अडलात? (अनुभव धागा)

मृद्गंधा
काल लेकाच्या वहीत 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' या वाक्याभोवती लाल गोल दिसला आणि पोटात खड्डाच पडला. १९९८ साली पहिल्या मुलाखतीत मी हेच बोलले होते, फक्त वर्षं तीन. समोरच्या साहेबांनी 'सिन्स?' एवढंच विचारलं, मग मला पुढचं एक वाक्य सुचेना. आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून. सिन्स म्हणजे पासून, असं घोकलेलं. पण आपण 'सोमवारपासून' म्हणतो तसं 'तीन वर्षांपासून'ही म्हणतोच की! इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगायला सिन्स, किती काळ चाललंय ते सांगायला फॉर, आणि दोन्हीकडे 'हॅव बीन'. असं फोड करून मला कुणी सांगितलंच नव्हतं. लेकाला दोन मिनिटांत कळलं. तुमचं कुठे अडलं होतं?

कोथिंबीरवडी
कुकर लावलाय तेवढ्यात लिहिते. ॲन अवर पण अ युनिव्हर्सिटी. अक्षर नाही, उच्चार बघायचा. म्हणून ॲन एमएलए. दहावी झाले तरी कळलं नव्हतं!!

सई_लीड्स
सासूबाईंना इथे दवाखान्यात नेलं होतं. नर्सने विचारलं, 'यू डोन्ट हॅव एनी ॲलर्जीज?' सासूबाई ठामपणे 'येस'. मराठीत बरोबरच आहे ना, 'ॲलर्जी नाही ना?' 'हो, नाही.' नर्सने पेन उचललं, 'टू व्हॉट?' सासूबाई माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी लगेच मध्ये बोलले म्हणून बरं, नाहीतर हाताला लाल पट्टी बांधली असती. आता घरात सगळ्यांना बजावलंय, अशा प्रश्नाला नुसतं येस-नो नको, 'आय डोन्ट हॅव' असं पूर्ण वाक्य बोला.

कोथिंबीरवडी
बाई गं! वाचूनच घाबरले. आता कशा आहेत सासूबाई?

सई_लीड्स
ठणठणीत. आत्ता डिंकाचे लाडू वळतायत.

रानवाट
'पास्ड आउट इन २००९' लिहिलं तर अमेरिकेतल्या सहकारी बाईंनी काळजीने तब्येत विचारली. त्यांना वाटलं मी बेशुद्ध पडलो होतो. ते सोडलं. 'प्रीपोन' मात्र सोडणार नाही. आपल्याकडचा शब्द आहे, ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेलाय. पोस्टपोनला जोडी हवीच.

मृद्गंधा
रानवाट, प्रीपोनला माझंही मत!

अबोली७
लग्न कुणा'शी' होतं म्हणून मी इतकी वर्षं मॅरीड विथ. तिथे टू हवं. आणि डिस्कसला अबाउट लागत नाही, नुसतं डिस्कस. आलेच, बेल वाजली

देशस्थ_परदेशी
सई, डिंक कुठे मिळाला तुम्हाला? मी मँचेस्टरला दोन दुकानं पालथी घातली.

सई_लीड्स
गुजराती दुकानात बघा. डिंक म्हणू नका, गुंदर म्हणा.