उत्तर: फायली शोधायला वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

वर कुणीतरी म्हटलंय की विंडोजचा सर्च असताना वेगळं काही कशाला. फायलीच्या नावावरून शोधायचं असेल तर मी तरी 'एव्हरीथिंग' हे सॉफ्टवेअरच सांगेन. फुकट आहे. एनटीएफएस (विंडोजची फायली ठेवायची नेहमीची पद्धत) डिस्कवर प्रत्येक फायलीची नोंद एका तक्त्यात असते, हे थेट तोच वाचतं; म्हणून टाइप करता करताच यादी समोर येते. बडोद्याला दांडिया बाजारात आमच्या सासऱ्यांनी कीर्तनांची रेकॉर्डिंगं आठ-दहा फोल्डरांत पसरून ठेवलीयत, नावं अर्धी मराठीत, अर्धी गुजरातीत. ते म्हणाले, "डिस्क भरली, नवी आणा." मी एव्हरीथिंगमध्ये यादी साइझप्रमाणे लावून दिली, तर एकाच चातुर्मासाची कीर्तनं तीन ठिकाणी! नव्या डिस्कचा खर्च वाचला. फायलीच्या आतला मजकूर शोधायला मात्र एव्हरीथिंग फार संथ आहे, तिथे विंडोजचाच सर्च बरा.

जाता जाता: विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. विंडोज १० मध्ये २०१८ पासून आहे, एकदा चालू करावं लागतं. कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी दिसतात. पिन केलेल्या सोडून बाकीच्या रीस्टार्टनंतर जातात. पासवर्ड कॉपी केलात तर तोही तिथे दिसू शकतो, तेवढा लगेच पुसा.